डॅन्यूबकाठच्या शांत बंदराचे चित्र: सहीआधी नदी वाचावी

माझ्या बैठकीत पुठ्ठ्यावर रंगवलेले एक छोटे तैलचित्र टांगलेले आहे, आकार ३८ बाय ४९ सेंटिमीटर. धक्क्याला लागलेले दोन काळे बार्ज (सपाट मालवाहू होड्या), धुराडे थंड असलेला एक टग (त्यांना ओढणारी बोट), पलीकडे झाडांची बुटकी रांग आणि तिच्याही मागे जांभळट-गुलाबी टेकड्या, एवढेच त्यात आहे. माणूस एकच, तोही पाठमोरा. ते विकत घेतले तेव्हा विक्रेत्याने ‘फ्रान्समधील समुद्रकिनारा, अंदाजे १९२०’ असे त्याचे वर्णन केले होते. त्यातला समुद्र चुकीचा निघाला, फ्रान्स चुकीचा निघाला आणि सालही चुकीचे निघाले. या तिन्ही चुका मला चित्रातल्या तीन वेगवेगळ्या जागी सापडल्या, आणि सही मात्र आजही मला लागलेली नाही. अशा चित्राची तपासणी बहुतेक लोक सहीपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. माझे मत असे की सही सर्वांत शेवटी वाचावी. विसाव्या शतकाच्या मध्यावर रुमानियात, युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या काठी, रंगवलेले नदीबंदराचे चित्र हाती आले, तर ते कोणत्या क्रमाने पाहावे, तपासावे आणि आपल्याकडच्या हवेत कसे जपावे, हे पुढे सांगितले आहे.

तयारी

चित्र चौकटीतून काढण्याची घाई करू नये. सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, टेबलावर धुतलेली मऊ चादर अंथरावी. मोजपट्टी, दहापट भिंग, लहान टॉर्च, वही, पेन्सिल आणि फोन एवढे साहित्य पुरते. पेन टेबलाच्या आसपासही ठेवू नये, कारण शाईचा एक ठिपका पुठ्ठ्यावरून कधीच निघत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, चित्र दोन्ही हातांनी कडेला धरावे आणि रंगाच्या पृष्ठभागाला बोट लावू नये. सर्वांत आधी पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कोपरे यांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे काही बिघडलेच, तर मूळ अवस्था कशी होती याचा तेवढाच आधार उरतो.

पाण्यापासून सुरुवात

चित्र तीन-चार मीटरवर उभे करून प्रथम फक्त पाणी पाहावे. समुद्राच्या चित्रात क्षितिजाला पाणीच टेकते, तर नदीबंदराच्या चित्रात पलीकडचा काठ कुठे ना कुठे डोकावतोच, मग तो करड्या रंगाचा एक फटकारा का असेना. रुमानियन चित्रांत ही गल्लत सहज होते, कारण दोन महायुद्धांच्या दरम्यान तिथल्या चित्रकारांचे आवडते ठिकाण काळ्या समुद्रावरचे बाल्चिक हे होते आणि ते गाव १९४० पर्यंत रुमानियाकडे होते. बाल्चिकच्या चित्रांत पांढरट खडूसारखे कडे, उतारावरची घरे आणि निळे, उघडे पाणी असते. डॅन्यूबचे पाणी तसे निळे क्वचितच असते. ते मातकट हिरवे, शिशाच्या रंगाचे किंवा संध्याकाळी तांबूस दिसते आणि जाणकार चित्रकार त्यात गेरूचा अंश टाकतोच.

यानंतर प्रवाहाची दिशा शोधावी. हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो आणि त्याला कलेतिहासाच्या अभ्यासाची गरजही नसते. नदीच्या डाव्या काठावर उभे राहून पाण्याकडे तोंड केले, तर पाणी आपल्या उजवीकडून डावीकडे वाहते. उजव्या काठावरून नेमके उलट. नांगरलेल्या बोटीचे पुढचे टोक, म्हणजे नाळेकडचा भाग, साधारणपणे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वळलेला असतो, खांबांना पाणी आपटून फेस होतो तो प्रवाहाच्या वरच्या बाजूला, आणि दोर ताणलेले असतात ते त्याच बाजूला. या तीन खुणांपैकी दोन जुळल्या, तरी चित्रकार कोणत्या काठावर उभा होता हे ठरवता येते. ओर्शोवा, तुर्नु सेवेरिन, जुर्जू, ब्राइला आणि गलात्स ही बंदरे डाव्या काठावर आहेत. चेर्नावोदा, हर्शोवा आणि तुल्चा उजव्या काठावर, आणि सुलिनाचे मुख्य गावही उजव्याच काठावर. एक सावधगिरी मात्र घ्यावी: केवळ फोटोवरून काम करत असाल, तर फोटो उलटा छापलेला नाही ना, हे चित्रातल्या एखाद्या अक्षरावरून आधी तपासावे.

कोणते गाव

काठ ठरला की पलीकडचा किनारा पाहावा. रुमानियाला लागून वाहणाऱ्या नदीच्या मधल्या टप्प्यात डॅन्यूब ही रुमानिया आणि बल्गेरिया यांची सीमा आहे आणि तिथे बल्गेरियाचा काठ उंच, तर रुमानियाचा सपाट आहे. त्यामुळे सपाट धक्का आणि समोर उंच कडा असे दृश्य असेल, तर जुर्जू किंवा त्याच्या वरच्या अंगाची बंदरे मनात धरावीत. जुर्जूसमोर रुसे हे शहर आहे आणि या दोन गावांना जोडणारा मोठा पूल १९५४ मध्ये खुला झाला. चित्रात तो आहे की नाही, यावरून सालाचा अंदाज बांधता येतो, मात्र चित्रकाराने तोंड दुसरीकडे केले असेल ही शक्यताही गृहीत धरावी. दोन्ही बाजूंना डोंगर चिकटलेले असतील, तर ओर्शोवाचा विचार करावा. जुने ओर्शोवा आणि त्याच्या खालच्या अंगाचे आदा काले हे बेट लोहद्वार धरणाच्या पाण्यात १९७० च्या सुमारास बुडाले, म्हणून त्या जुन्या गावाची प्रत्यक्ष जागेवर बसून केलेली चित्रे त्याआधीचीच असणार. चेर्नावोदा ओळखायला सर्वांत सोपे, कारण तिथे आंगेल सालिन्यी या अभियंत्याने बांधलेला, १८९५ मध्ये खुला झालेला पोलादी रेल्वेपूल आहे. याच सालिन्यींनी १८९० च्या सुमारास ब्राइला आणि गलात्स येथे धान्याची प्रचंड कोठारे उभारली, आणि काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या वापरून केलेल्या जगातील आरंभीच्या बांधकामांत ती गणली जातात. खिडक्या जवळजवळ नसलेली एक चौकोनी, फिकट इमारत धक्क्यामागे उभी दिसली, तर ते कोठार असण्याची शक्यता मोठी.

ब्राइला आणि गलात्स यांत फरक करणे खरे कठीण, कारण दोन्ही गावांतून नदीपलीकडच्या दोब्रोजा प्रांतातील मचिनच्या त्याच टेकड्या दिसतात. इथे प्रकाश मदतीला येतो. ब्राइलात नदी उत्तरेकडे वाहते आणि गाव तिच्या पश्चिमेला आहे, म्हणजे धक्क्यावरचा चित्रकार पूर्वेकडे पाहतो. सकाळी सूर्य त्याच्या डोळ्यांवर येतो. संध्याकाळी तो पाठीशी असतो आणि समोरच्या टेकड्या उजळतात. गलात्सला नदी पूर्वेकडे वळते, गाव उत्तर काठावर आहे, म्हणून चित्रकाराचे तोंड दक्षिणेला असते आणि दुपारभर पाण्यावरची चकाकी त्याच्यासमोर येते. माझ्या चित्रात बार्जच्या सावल्या प्रेक्षकापासून दूर, पाण्याकडे पडल्या आहेत आणि टेकड्यांचे माथे गुलाबी आहेत. धक्का, टेकड्या आणि पाठीमागचा मावळता सूर्य ही तिन्ही एकत्र ठेवल्यावर ब्राइलाशिवाय दुसरे नाव माझ्या मनात राहिले नाही. तुल्चा आणि सुलिना येथे तर चित्रकार उत्तरेकडे पाहतो, म्हणून प्रकाश शांत, मागून किंवा बाजूने येणारा आणि पलीकडे बहुधा सपाट पाणथळ जमीन असते. तिथल्या चित्रांत डांबर फासलेल्या, दोन्ही टोकांना उचललेल्या काळ्या होड्या दिसतात. त्रिभुज प्रदेशातल्या लिपोवान या रशियन वंशाच्या कोळ्यांच्या या होडीला ‘लोत्का’ म्हणतात.

ऋतूसुद्धा पाण्यावरूनच काढावा. डॅन्यूबला वसंतात पूर येतो आणि पाणी विलोच्या खोडांपर्यंत चढते. शरदात पातळी सर्वांत खाली जाते, धक्क्याखाली चिखलाचा रुंद उतार उघडा पडतो आणि पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, उतरणारी फळी तीव्र तिरकी होते. भिंगाखाली माझ्या चित्रातली ही फळी पाहताना मला पहिल्यांदा चित्रकाराच्या हाताची खात्री पटली: ती एकाच ओढीत रंगवलेली आहे, खालच्या टोकाशी कुंचल्यातला रंग संपत आला आहे, आणि तिथे पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग तसाच सोडून त्याने चिखल दाखवला आहे.

बोटी, झेंडे आणि धुराडी

बोटींवरची बारीक चिन्हे कालगणनेला उपयोगी पडतात, पण ती रंगाच्या एका टिंबाएवढी असतात, म्हणून त्यांच्यावर फार भार टाकू नये. रुमानियाचा झेंडा निळा, पिवळा आणि तांबडा असा उभ्या पट्ट्यांचा आहे. ३० डिसेंबर १९४७ रोजी राजाने सिंहासन सोडले आणि १९४८ पासून मधल्या पट्ट्यावर नव्या लोकप्रजासत्ताकाचे चिन्ह आले. त्यामुळे पिवळ्या पट्ट्यात मुद्दाम ठेवलेला गडद ठिपका अर्थपूर्ण असू शकतो. डॅन्यूबवर वल्हेचाकांची वाफेची जहाजे विसाव्या शतकातही चालत होती, म्हणून केवळ चाक दिसले म्हणून चित्र एकोणिसाव्या शतकात ढकलण्याची चूक करू नये.

शांतता हाही पुरावा

बंदर शांत का आहे, हा प्रश्न मला नेहमी विचारावासा वाटतो. त्याची काही उत्तरे साधी आहेत: धान्याचा हंगाम संपला, हिवाळ्यात नदी गोठू लागली आणि बोटी सुरक्षित खाडीत नेऊन ठेवल्या, किंवा रविवार होता. पण १९४८ नंतरच्या दशकात रुमानियन चित्रकारांकडून समाजवादी वास्तववादाची अपेक्षा होती. कारखाने, सामूहिक शेती आणि कामगारांचे उत्साही चेहरे हे विषय सरकारला हवे होते, आणि प्रदर्शने व खरेदी बहुतांशी शासनाच्याच हाती गेली होती. अशा काळात बंदर हा सोयीचा विषय होता. कागदावर ते श्रमाचे ठिकाण, प्रत्यक्षात मात्र पाणी, आकाश आणि करड्या रंगांच्या छटा रंगवण्याची सवलत. क्रेन आणि घामाने भिजलेले हमाल असलेले बंदर आणि एका पाठमोऱ्या माणसाचे बंदर ही एकाच वर्षाची चित्रे असू शकतात, पण त्यांचे मागणीदार वेगळे होते. दुसऱ्या प्रकारची चित्रे आकाराने लहान, घरात टांगण्याजोगी आणि बऱ्याचदा पुठ्ठ्यावर असतात. यावरून चित्रकाराला छुपा बंडखोर ठरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्यातल्या अनेकांना फक्त आपल्या जुन्या पद्धतीने चित्र काढायचे होते.

ती जुनी पद्धत कोणती, हे कळण्यासाठी काही नावे ओळखीची असावीत. निकोलाए दरस्कू (१८८३–१९५९) हे जुर्जूचेच, पॅरिसमध्ये शिकलेले, आणि पाण्यावरचा प्रकाश हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. ज्याँ स्तेरियादी (१८८०–१९५६) यांनी ब्राइलाच्या बंदरातल्या बोटी रंगवल्या. लुचियान ग्रिगोरेस्कू (१८९४–१९६५) फ्रान्समध्ये बराच काळ राहिले, तर अलेक्झांद्रू चुकुरेन्कू (१९०३–१९७७) तुल्चा जिल्ह्यात जन्मले. पाण्यात प्रतिबिंब कसे ठेवले आहे आणि सावलीत काळा रंग वापरला आहे की निळा-जांभळा, हे या मंडळींच्या चित्रांत पाहून डोळा तयार करावा. बुखारेस्टचे राष्ट्रीय कला संग्रहालय आणि गलात्सचे दृश्यकला संग्रहालय यांच्या संग्रहांपासून सुरुवात करता येते. हेतू नाव चिकटवण्याचा नसावा. त्या पिढीचा सर्वसाधारण हात कसा होता, एवढेच ओळखता यावे.

पाठीमागची बाजू

आता चित्र चादरीवर पालथे घालावे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर मात्र पालथे न घालता उभे धरून मागून पाहावे. चिकटलेली चिठ्ठी, शिक्का, पेन्सिलीतला आकडा, चौकटीच्या दुकानाचे नाव, खिळ्यांचा गंज, यांतले काहीही पुसू नये आणि ‘स्वच्छ’ करू नये. ‘फोंदुल प्लास्तिक’ असा शिक्का दिसला, तर साम्यवादी काळात चित्रकारांची कामे विकणाऱ्या संस्थेकडून ते गेले आहे असे समजावे. रुमानियन चित्रकारांची संघटना १९५० मध्ये स्थापन झाली, म्हणून तिच्या प्रदर्शनाची चिठ्ठी त्याआधीची असू शकत नाही. किंमत लेईमध्ये (रुमानियाचे चलन, एकवचनी लेऊ) लिहिलेली असेल, तर आकडा नीट पाहावा. युद्धानंतरच्या महागाईत किमती लाखांत गेल्या, ऑगस्ट १९४७ मध्ये वीस हजार जुने लेई म्हणजे एक नवा लेऊ असे चलन बदलले आणि १९५२ मध्ये ते पुन्हा बदलले.

माझ्या चित्राचे साल निघाले ते एका अक्षरावरून. मागे पेन्सिलीने ‘स्फिर्शित दे तोआम्ना, ब्राइला’, म्हणजे ‘शरदाचा शेवट, ब्राइला’, असे लिहिले होते. गाव आधीच ओळखले होते, त्यामुळे तो पडताळा झाला आणि फ्रान्स बाद झाला. पण ‘स्फिर्शित’ या शब्दातला स्वर टोपी घातलेल्या ‘आय’ (î) अक्षराने लिहिलेला होता. रुमानियन भाषेत हाच उच्चार टोपी घातलेल्या ‘ए’ (â) अक्षरानेही लिहितात. १९५३ च्या लेखनसुधारणेने शब्दाच्या मधल्या जागी टोपीचा ‘ए’ काढून टोपीचा ‘आय’ आणला, आणि १९९३ मध्ये जुनी पद्धत परत आली. ‘तैलरंग, कॅनव्हासवर’ या अर्थी जे शब्द चिठ्ठीवर असतात, त्यातल्या ‘पिन्झा’ या कॅनव्हासवाचक शब्दालाही हीच कसोटी लावता येते. देशाच्या नावाला १९६५ मध्येच टोपीचा ‘ए’ परत मिळाला आणि त्याच वर्षी लोकप्रजासत्ताकाचे समाजवादी प्रजासत्ताक झाले, त्यामुळे शिक्क्यातली आद्याक्षरेही तपासावीत. अर्थात, वयस्कर लोक जुन्या सवयीने लिहीत राहतात आणि नियम होण्याआधीही काहीजण दुसरे रूप वापरत, म्हणून एका अक्षरावर संपूर्ण निकाल देऊ नये. दुसऱ्या खुणांशी ते जुळले पाहिजे.

जांभळा दिवा

अतिनील टॉर्च स्वस्तात मिळतो आणि अंधाऱ्या खोलीत बरेच काही दाखवतो. डोळ्यांवर योग्य चष्मा मात्र हवाच. जुने नैसर्गिक राळेचे वॉर्निश हिरवट धुक्यासारखे चमकते. पांढऱ्या रंगांपैकी झिंक व्हाइट पिवळट-हिरवे उजळते, टायटॅनियम व्हाइट गडद राहते. नंतर केलेली दुरुस्ती काळपट डागांसारखी उठून दिसते. सही वॉर्निशच्या वर तरंगत असेल, तर सावध व्हावे. मागची चिठ्ठी झगझगीत निळसर-पांढरी दिसली, तर त्या कागदात चमक आणणारे रसायन आहे आणि तो साधारण १९५० नंतरचा आहे. थॅलो निळा रंग १९३५ च्या सुमारास बाजारात आला, त्यामुळे १९२० च्या म्हटल्या जाणाऱ्या चित्रात तो निघाला तर तारीख टिकत नाही. पण हे ठरवायला प्रयोगशाळा लागते, नुसता डोळा पुरत नाही.

सही आणि खरेदी

एवढे झाल्यावरच सही पाहावी. अक्षरे ओल्या रंगात ओढली आहेत की वाळलेल्या रंगाच्या भेगांवरून गेली आहेत, हे भिंगाखाली कळते. भेगेत सहीचा रंग उतरला असेल, तर ती सही चित्रापेक्षा बरीच उशिराची आहे. रुमानियात ग्रिगोरेस्कू, पोपेस्कू, पोपा ही आडनावे जोशी-कुलकर्ण्यांइतकी सर्रास आढळतात, त्यामुळे आडनाव वाचता आले म्हणून प्रसिद्ध चित्रकार मिळाला असे मानू नये.

रुमानियातून थेट खरेदी करायची असेल, तर पैसे देण्यापूर्वी निर्यातीच्या प्रमाणपत्राची मागणी लेखी करावी. तिथल्या २००० सालच्या १८२ क्रमांकाच्या कायद्याने जंगम सांस्कृतिक वारशाची वर्गवारी केली आहे, आणि अशी चित्रे देशाबाहेर नेण्यासाठी अधिकृत परवानगी लागते. ‘पाठवून देतो, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याचा नाद सोडावा. पॅकिंग करताना बुडबुड्यांचे प्लास्टिक रंगाला थेट लागू देऊ नये, त्याचे गोल ठसे कायमचे राहतात. आत गुळगुळीत ग्लासिन कागद हवा.

पावसाळ्यातली देखभाल

डॅन्यूबकाठच्या कोरड्या थंडीत वाढलेला पुठ्ठा मुंबई-कोकणातल्या जुलैत येतो, तेव्हा तो पाणी पितो आणि वाकतो. वाकलेला पुठ्ठा वजनाखाली दाबून सरळ करायला जाऊ नये, रंग तडकतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे संग्रहालये मानतात. आपल्या घरात ते साधत नाही, पण ती सतत वरखाली होऊ न देणे साधते. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या हा प्रकार दमट हवेपेक्षाही वाईट. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा होतो किंवा जिच्या पलीकडे न्हाणीघर आहे, तिच्यावर चित्र टांगू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, की मागे बोटभर हवा खेळते. चौकटीच्या पाठीला आम्लविरहित पुठ्ठा लावावा, पण जुन्या चिठ्ठ्या झाकण्यापूर्वी त्यांचे फोटो घ्यावेत. त्यांची खळ कसरीला फार आवडते.

धूळ झटकायला कोरडा, मऊ, रुंद कुंचला पुरतो, तोही रंग कुठे सुटलेला नसेल तरच. बटाट्याची फोड, कांदा, पावाचा गर, जवसाचे तेल हे सगळे घरगुती उपाय वर्ज्य आहेत. ओल्या फडक्याने मी एकदा दुसऱ्या एका चित्राचा कोपरा पुसला आणि त्यावरचा पातळ निळा थर फडक्यावर आला. ते आकाश आजही तिथे टक्कल पडल्यासारखे दिसते. बुरशी दिसली, तर चित्र वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवावे, तोंडाला मास्क बांधावा आणि पुसण्याऐवजी संवर्धकाला विचारावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करता येते.

नोंद

शेवटी चित्राची एक पानभर नोंद करून तिची प्रत चित्रापासून वेगळी ठेवावी. तीत दिसते ते, अनुमान काढले ते आणि ऐकीव ते, असे तीन भाग स्पष्ट वेगळे असावेत, कारण पाच वर्षांनी आपलेच अनुमान आपल्याला वस्तुस्थिती वाटू लागते. माझ्या चित्राच्या नोंदीत पहिल्या भागात माप, पुठ्ठा, पेन्सिलीतील मजकूर अक्षरशः उतरवलेला, उजव्या खालच्या कोपऱ्यातील सहीची तीन वाचनीय अक्षरे. दुसऱ्या भागात ‘ब्राइला, डावा काठ, संध्याकाळ, नदीची खालावलेली पातळी, बहुधा १९५३ नंतर’. तिसऱ्या भागात विक्रेत्याचे ‘फ्रान्स, १९२०’ हे वर्णन, त्यापुढे प्रश्नचिन्ह. चित्रकाराच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे पेन्सिलीने लिहिले आहे.